घेवड्याचे शेवटचे तीन आठवडे

दमट मुलखातलं घेवड्याचं शेत पाहायचं असेल तर पेरणीनंतर चाळीसेक दिवसांनी पाहावं. पान पानाला भिडलेलं, माती दिसत नाही, पांढरी-जांभळी फुलं पानांखालून डोकावताहेत. अशा वेळी शेताचा मालक बांधावर उभा राहून एकरी किती पोती होतील याचा हिशेब मांडतो. त्यात त्याचं काही चुकतही नाही, कारण त्या दिवशी पीक खरोखर तेवढं असतं. मला अशी शेतं फार आवडतात, आणि त्यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही.

दमट हवेत घेवडा होतो का, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा उगवणीचा आणि वाढीचा प्रश्न असतो. वाढ झकास होते. हवेत ओल आहे, ऊन फार भाजत नाही, पाणी द्यायचा खर्च नाही. रोप रसरशीत होणारच. पण धंदा म्हणून घेवडा लावायचा आणि राजम्यासारखा वाळलेला दाणा विकायचा, तर पहिले सत्तर दिवस ही पूर्वतयारी समजावी. नफा-तोटा ठरतो तो नंतरच्या तीन आठवड्यांत, जेव्हा पिकाला पाण्याची गरज उरलेली नसते आणि आभाळाला ते माहीत नसतं.

घेवडा काही फार तहानलेलं पीक नाही. ६० ते १२० दिवसांच्या आयुष्यात त्याला ३०० ते ५०० मिलिमीटर पाणी पुरतं. पावसाळी प्रदेशात एवढं पाणी कधी कधी एका महिन्यात पडून जातं. घेवड्याचे रानटी भाऊबंद मेक्सिकोपासून उत्तर अर्जेंटिनापर्यंतच्या मध्यम उंचीच्या डोंगरउतारांवर झुडपांवर चढत वाढतात. पाऊस असेतोवर पसरायचं, पाऊस सरला की शेंगा वाळवायच्या, वाळलेली शेंग पिळवटून तडकते आणि दाणे दूर उडतात, असा त्यांचा वर्षाचा क्रम. माणसाने हे पीक दोन ठिकाणी, एकदा मेसोअमेरिकेत, म्हणजे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या पट्ट्यात, आणि एकदा अँडीजच्या रांगांत, स्वतंत्रपणे आपलंसं केलं. शेंगेचं तडकणं कमी केलं, दाणा मोठा केला, वेलाचं झुडूप केलं. शेवटी कोरडे दिवस लागतात ही अट मात्र हजारो वर्षांत कोणाला काढून टाकता आलेली नाही.

शेंग पिवळी पडते तेव्हा आतला दाणा भरून झालेला असतो. पुढे त्यात काही भर पडत नाही. पण त्याच्या वजनातला जवळजवळ निम्मा भाग अजून पाणी असतो. मळणीच्या वेळी हे प्रमाण सोळा-अठरा टक्क्यांवर आलेलं लागतं, साठवणीला त्याहून खाली. हे पाणी जाणार हवेत. हवाच आधी भरलेली असेल तर? ओल्या फडक्याने फरशी कोरडी करायला निघावं तसा तो उद्योग. हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्के असली की दाणा साधारण चौदा-पंधरा टक्क्यांच्या आसपास अडतो. आर्द्रता ८५ वर गेली की त्याहून बऱ्याच वर अडतो. चार दिवस ठेवा की चाळीस, त्या हवेत तो त्याखाली उतरत नाही. तेवढ्यात बुरशीला सवड मिळते. शिवाय रात्री दव आणि दुपारी ऊन असं चाललं की दाणा फुगतो, आकसतो, पुन्हा फुगतो. साल सुरकुतते, मग चिरते.

ओल मोजायचं यंत्र नसेल तर एक जुनी युक्ती आहे, आणि मला ती यंत्रापेक्षा जास्त प्रिय आहे. काचेची कोरडी बरणी घ्यायची, त्यात मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ टाकायचं, झाकण लावून चांगलं हलवायचं आणि थोडा वेळ ठेवून द्यायचं. मीठ काचेला चिकटून राहिलं तर दाणा अजून ओला आहे. मोकळं खाली पडलं तर ओल पंधरा टक्क्यांच्या आत आली. यात जादू काही नाही. खाण्याचं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता असली की पाणी ओढून घेऊ लागतं, आणि पंधरा टक्के ओलीचा दाणा बंद बरणीतली हवा नेमकी त्याच्या आसपास आणून ठेवतो. मिठाचा स्वभाव आणि दाण्याचा स्वभाव एकाच रेषेवर येऊन मिळतात. दमट मुलखात गंमत अशी की मोठ्या झडीच्या दिवसांत स्वयंपाकघरातलं मीठच आधी ओलं झालेलं असतं. तव्यावर कोरडं करून घेतल्याशिवाय त्याची साक्ष घेता येत नाही.

पिकलेल्या शेंगांवर पाऊस पडला तर काय होतं, ते एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. दोन-चार दिवसांची सलग झड पुरते. शेंगेचं साल काळपट पडतं, आतला दाणा डागाळतो, काही दाण्यांना शेंगेतच मोड येतात. पांढऱ्या घेवड्याची अवस्था सगळ्यात वाईट, कारण त्यावर लपवायला जागाच नाही. काळ्या दाण्यावर डाग दिसत नाहीत, पण त्याचीही चकाकी जाते. अन्न म्हणून त्या दाण्यात अनेकदा फारसा फरक झालेला नसतो. पण सुका घेवडा डोळ्यांनी विकला जातो. व्यापारी तळहातावर मूठभर दाणे पसरतो, बोटाने दोनदा फिरवतो आणि भाव सांगतो. डागी माल जनावरांना घालू म्हणावं तर तीही वाट सरळ नाही: कच्च्या घेवड्यातलं लेक्टिन नावाचं प्रथिन डुकरांना आणि कोंबड्यांना बाधतं, आधी शिजवावा लागतो. म्हणजे बिघडलेल्या मालावर इंधनाचा आणखी खर्च.

रोगांबद्दल लिहायला बसलं की यादी होते, आणि याद्या वाचून कोणाचं शेत वाचल्याचं मी ऐकलेलं नाही. पण दोन-तीन गोष्टी नीट समजून घेतल्या की बाकीचं आपोआप उलगडतं. घेवड्याचा करपा, म्हणजे शेंगांवर खोलगट तपकिरी चट्टे पाडणारा, बियाण्यातून येतो आणि थंडसर ओल्या हवेत फोफावतो. त्याचे बीजाणू चिकट गोळ्यात असतात. वाऱ्याने सहज उडत नाहीत. त्यांना पाण्याचा थेंब लागतो. पावसाचा थेंब आपटला की शिंतोड्यांबरोबर ते शेजारच्या पानावर जातात. ओल्या शेतातून माणूस चालला तर त्याच्या पायघोळ कपड्यांवरून सगळ्या ओळीभर पसरतात. म्हणून जाणते शेतकरी एक नियम पाळतात: पानं ओली असताना घेवड्यात पाय टाकायचा नाही. जिवाणूजन्य करप्यालाही हाच नियम लागू.

हा नियम कोरड्या प्रदेशात सकाळचे दोन तास खातो. दमट प्रदेशात तो आठवडा खातो. पानं सुकतात कधी? दुपारी बारानंतर सुकली आणि चारला पुन्हा सर आली, तर खुरपणी, फवारणी, तोडणी, सगळं त्या चार तासांत बसवायचं. मजूर मात्र सकाळी आठला आलेला असतो आणि त्याची मजुरी पूर्ण दिवसाची. पिकाच्या खर्चाच्या कोष्टकात ही ओळ मला कुठेच दिसत नाही. बियाणं, खत, औषध, मजुरी, वाहतूक, सगळं असतं. पान सुकण्याची वाट पाहण्याचा खर्च कोणी लिहीत नाही.

रोगप्रतिकारक वाण लावू म्हणणाऱ्यांसाठी एक जुनी नोंद आहे. कॉर्नेल विद्यापीठातल्या मॉर्टियर बॅरस यांनी १९११ साली दाखवून दिलं की करप्याची बुरशी सगळीकडे एकच नसते. एका ठिकाणच्या बुरशीपुढे तग धरणारा वाण दुसऱ्या ठिकाणच्या बुरशीपुढे आडवा होतो. १९१८ साली त्यांनी अशा दोन प्रकारांना अल्फा आणि बीटा अशी नावं दिली. त्यानंतर आणखी किती तरी सापडले. त्यामुळे पाकिटावर 'प्रतिकारक' असा शब्द वाचला की मी विचारतो, कुठल्या प्रकाराला? आणि तो प्रकार इथे आहे का? दुकानदाराला याचं उत्तर माहीत असतंच असं नाही.

दुसरी गोष्ट पांढऱ्या बुरशीची. तिच्या काळ्या कठीण गाठी मातीत वर्षानुवर्षं पडून राहतात. ओल मिळाली की त्यातून बारीक छत्र्या उगवतात आणि बीजाणू सोडतात. ते बीजाणू थेट हिरव्या पानाला क्वचितच धरतात. आधी गळलेल्या, कोमेजलेल्या फुलावर बसतात, तिथे पोसले जातात आणि मग खोडात शिरतात. म्हणजे पानांची दाटी, खाली पडलेल्या पाकळ्या आणि पानांखाली कोंडलेली ओल एवढं जमलं की झालं. सुरुवातीला ज्या हिरव्यागार गर्दीचं कौतुक केलं, तीच ही. जास्त नत्र टाकून ती वाढवणं म्हणजे स्वतःच्या हाताने रोगाला खोली भाड्याने देणं.

यावर अमेरिकेतल्या मिशिगनने काढलेला तोडगा मला पटतो. हे राज्य कोरडं नाही, तिथे काढणीच्या सुमारास पाऊस येतो, आणि तरी पांढऱ्या छोट्या घेवड्याच्या उत्पादनात ते पिढ्यान्‌पिढ्या पुढे राहिलं आहे. १९५६ साली तिथे 'सॅनिलॅक' हा झुडुपी वाण आला. क्ष-किरणांनी घडवलेल्या उत्परिवर्तनातून त्याची बैठी ठेवण मिळालेली. पुढे मिशिगन स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी झाडाचा आकारच निवडीचा निकष केला: ताठ उभं खोड, फांद्या आवळलेल्या, शेंगा जमिनीपासून वर. १९८२ चा 'सी-२०' हा वाण त्यातलाच. झाड ताठ असलं की खालून वारा खेळतो, शेंग चिखलाला टेकत नाही, पावसानंतर पान लवकर सुकतं. रोगाविरुद्धचा कुठलाही जनुक न मिळवताही रोगाची बरीच संधी जाते. दमट जागेसाठी वाण निवडताना मी उत्पादनाचा आकडा तिसऱ्या क्रमांकावर ठेवतो. पहिलं पाहायचं, झाड उभं राहतं का. दुसरं, सगळ्या शेंगा एकदम पिकतात का. महिनाभर टप्प्याटप्प्याने पिकणारा वाण परसात ठीक. व्यापारी शेतात तो पावसाला महिनाभर दार उघडं ठेवतो.

तिसरी गोष्ट बियाण्याची, आणि ही थोडी बोचते. आपल्याच शेतातलं बी राखून ठेवण्याचा एक अभिमान असतो. दमट मुलखात घेवड्याच्या बाबतीत तो महाग पडतो. करपा आणि जिवाणू दाण्यात बसून पुढच्या वर्षी परत येतात. डोळ्यांना निरोगी दिसणाऱ्या बियातही असू शकतात. अमेरिकेतला घेवड्याच्या बियाण्याचा धंदा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पूर्वेकडच्या पावसाळी राज्यांतून उठून आयडाहोसारख्या कोरड्या, पाटपाण्यावरच्या प्रदेशात गेला तो याच कारणाने. तिथे पाणी मुळाशी देतात, पान कोरडं राहतं, बी स्वच्छ निघतं. दमट भागातला शेतकरी मग दरवर्षी कोरड्या भागातलं बी विकत घेतो. खर्चाच्या पहिल्याच ओळीत हे धरायचं.

जमिनीबद्दल थोडक्यात. पावसाने धुतलेल्या जमिनी आम्ल होतात, त्यात ॲल्युमिनियम आणि मँगनीज मुळांना त्रास देतात, स्फुरद (फॉस्फरस) मातीतच अडकून पडतो. घेवड्याला मातीचा सामू (पीएच) सहा ते सातच्या दरम्यान मानवतो, म्हणून चुना घालणं आलं. साचलेल्या पाण्यात मुळं गुदमरतात आणि मूळकूज मागून येतेच; गादीवाफे आणि चर यांना पर्याय नाही. द्विदल आहे म्हणून हवेतून नत्र घेऊन आपलं आपण पाहील हेही अर्धंच खरं. सोयाबीनच्या तुलनेत घेवडा या कामात कच्चा आहे.

आता ज्यांनी दमट हवेत घेवडा करून दाखवला, त्यांच्याकडे वळू. मध्य अमेरिकेत 'तापादो' नावाची एक रीत आहे, म्हणजे झाकलेला घेवडा. तिथल्या उष्ण, ओल्या सखल भागांत पानापानांत तंतूंचं जाळं विणणारा एक करपा येतो. त्याच्या गाठी मातीत असतात आणि पावसाच्या माराने मातीचे शिंतोडे पानांवर उडाले की रोग लागतो. १९८० च्या सुमारास कोस्टा रिकाच्या ग्वानाकास्ते भागात या रोगाने घेवड्याची दाणादाण उडवली. तापादोचा शेतकरी या सगळ्याला बगल देतो. तो नांगरत नाही, जाळत नाही. रुंद पानांचं तण माजलेली पडीक जमीन बघून ठेवतो, उभ्या तणात बी फोकून देतो आणि मग कोयत्याने तण कापून त्याच बियांवर आडवं पाडतो. घेवडा त्या आच्छादनातून वर येतो. माती झाकलेली असल्याने शिंतोडे उडत नाहीत. संशोधकांनी नंतर मोजून पाहिलं तेव्हा आच्छादनाने हा रोग खरोखर आटोक्यात राहतो हे सिद्ध झालं. शेतकरी पेरून घरी जातो आणि बहुतेक करून काढणीलाच परत येतो.

उत्पादन कमी असतं, फारच कमी. कृषी अधिकाऱ्यांना ही पद्धत बरीच वर्षं मागासलेली वाटली यात नवल नाही. पण हिशेबाच्या वहीत ती दुसऱ्या बाजूने बसते. खर्चच जवळजवळ नाही, तर वाईट वर्षात बुडणार किती? नांगरट, खत, औषधं, मजुरी करून त्याच हवेत तिप्पट पीक काढणाऱ्याने प्रत्येक झडीपुढे तिप्पटीहून जास्त पैसा उघडा ठेवलेला असतो. तापादो ही व्यापारी शेती नाही, पण व्यापारी शेती करणाऱ्याने तिच्यासमोर अर्धा तास बसावं असं मला वाटतं. निदान आच्छादन तरी उचलता येईल.

मध्य अमेरिकेतलीच आणखी एक गोष्ट. तिथे घेवड्याचे हंगाम दोन-तीन आहेत. मे महिन्यात पेरलेला पहिला हंगाम ऐन पावसात सापडतो. सप्टेंबरमध्ये पेरलेला दुसरा हंगाम पाऊस ओसरताना पिकतो. आणि निकाराग्वाच्या ओल्या भागांत नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पेरून फेब्रुवारी-मार्चमध्ये काढायचा तिसरा हंगाम आहे, 'आपांते'. मातीतली उरलेली ओल आणि अधूनमधूनची भुरभुर यांवर पीक येतं आणि पिकताना वर्षातली सगळ्यात कोरडी उघडीप गाठतं. देशाच्या घेवड्यातला मोठा वाटा या हंगामातून येतो. म्हणजे 'दमट प्रदेश' हे वर्णन वर्षाच्या बेरजेचं आहे, आणि घेवड्याला बेरजेशी घेणं-देणं नाही. त्याला विशिष्ट तीन आठवडे हवे असतात. ते जिथे असतील त्यावरून मागे मोजत पेरणीची तारीख काढायची. पाऊस सुरू झाला की पेरायचं, ही सवय इथे उलटी फिरवावी लागते.

ज्यांच्याकडे अशी उघडीप नाही, त्यांनी काय करायचं? काहींनी वाळवण्याचं काम शेतातून काढून छपराखाली नेलं. स्पेनच्या उत्तरेला अस्तुरियास हा अटलांटिकच्या पावसात भिजणारा प्रदेश आहे. तिथला मोठा पांढरा घेवडा युरोपात १९९६ पासून भौगोलिक नावाच्या संरक्षणासह विकला जातो. फ्रान्समध्ये पिरेनीजच्या पायथ्याशी तार्बचा घेवडा आहे. त्याला तशी नोंद २००० साली मिळाली. तो वेलावर वाढतो आणि हाताने तोडला जातो. जपानमध्ये तांबा भागातल्या मोठ्या आझुकीच्या, म्हणजे घेवड्यासारख्याच एका तांबड्या कडधान्याच्या, शेंगा पारंपरिक रीतीने पिकतील तशा एकेक खुडतात. या तिन्ही ठिकाणी हवा कोरडी झालेली नाही. हातांनी शेंग निवडायची मजुरी भागवेल एवढा भाव त्या दाण्याला मिळतो, इतकंच. बाकी जपानची नव्वद टक्क्यांहून अधिक आझुकी होक्काइदोत होते, जिथे मुख्य बेटांवरचा जूनचा पावसाळा नीटसा पोहोचतच नाही. आणि तिथेही पूर्वी कापलेली झाडं शेतातच रचून, वर झाकण घालून सावकाश वाळवत.

हे ऐकून कोणी लगेच आपल्या घेवड्याला नाव द्यायला निघतो. सावकाश. त्या नावांमागे पिढ्यांची ओळख आहे, ग्राहकाची जीभ आहे. नवख्याला पहिली पाच-सात वर्षं साधाच भाव मिळणार, आणि साध्या भावात शेंग खुडण्याची मजुरी बसत नाही.

वाळवणी यंत्राचा हिशेब मात्र कोणीही करू शकतो. बावीस टक्के ओलीचा एक टन घेवडा चौदा टक्क्यांवर आणायचा तर त्यातून सुमारे ९३ किलो पाणी काढावं लागतं. नुसता पंखा लावून दमट हवा फिरवली तर वर सांगितलेल्या मर्यादेपाशी गाडी अडते. पण हवा थोडी तापवली की चित्र पालटतं: २५ अंशांची, ८५ टक्के आर्द्रतेची हवा ३६ अंशांवर नेली की तिची आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास येते. फार तापवायची नाही. घाई केली तर साल तडकते आणि डाळीसारखे दोन तुकडे हाती येतात. दमट मुलखात कोणी मला भांडवल कुठे घालावं असं विचारलं, तर मी ट्रॅक्टरच्या आधी वाळवणी यंत्र म्हणेन, आणि ते चार-पाच जणांत मिळून. सगळ्यांचा माल एकाच आठवड्यात येतो ही त्यातली खरी भांडणाची जागा. रांग कशी लावायची ते आधीच लिहून ठेवावं.

वाळवलेला माल कोठारात गेला म्हणजे सुटलो असंही नाही. उबदार आणि दमट कोठारात घेवडा काही महिने राहिला की तो शिजेनासा होतो. दिसायला तसाच, वजनाला तसाच, पाण्यात फुगतोही. पण तासन्‌तास उकळूनही मऊ पडत नाही. हा दोष विकताना कोणालाच दिसत नाही. तो दिसतो घेणाऱ्याच्या चुलीवर, आणि पुढच्या खेपेला तो दुसऱ्याकडे जातो. दमट हवेच्या सगळ्या नुकसानांत मला हे सगळ्यात कपटी वाटतं, कारण त्याची नोंद होत नाही, फक्त गिऱ्हाईक कमी होतं. भुंगेरेही अशाच हवेत खूष असतात. त्यांच्यावर हवाबंद पिशव्या चांगला उपाय आहेत. पर्ड्यू विद्यापीठाने १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅमेरूनमध्ये चवळीसाठी सुरू केलेल्या कामातून त्या आल्या. आतला प्राणवायू संपतो, कीड थांबते. पण पिशवी दाणा वाळवत नाही. ओला माल बंद केला तर आतली ओल आतच राहते आणि बुरशी धरते.

दुसरी जात लावू, हा विचारही रास्त आहे. चवळी आणि वाल उष्ण दमट हवेला घेवड्यापेक्षा बरे तोंड देतात. ग्वाटेमालाच्या धुक्याच्या डोंगरांत घेवड्याचाच एक भाऊ, फॅसिओलस ड्युमोसस, ओल्या हवेत पिढ्यान्‌पिढ्या टिकला आहे. चतुर्धारी घेवड्याची कथा मात्र लक्षात ठेवावी. १९७५ साली अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसने त्याची जगाला नव्याने ओळख करून दिली: दमट उष्ण कटिबंधात आनंदाने वाढतो, शेंग, पान, कंद, दाणा सगळं खाता येतं, दाण्यात सोयाबीनच्या तोडीची प्रथिनं. सगळं खरं होतं. पण त्याला आधाराच्या काठ्या लागतात, शेंगा एकदम पिकत नाहीत, दाणा कठीण. व्यापारी पीक म्हणून त्याने सोयाबीनची जागा घेतली नाही. काठ्यांचा प्रश्न रवांडातही आला. तिथल्या डोंगरांत १९८० च्या दशकापासून वेली घेवडा पसरला. झुडुपी घेवड्याच्या तिप्पटीपर्यंत उत्पादन देऊ शकणारा, हवेत उंच टांगलेला, म्हणून चिखलापासून लांब. पण हेक्टरी हजारो काठ्या आणायच्या कुठून, हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ आला.

मग उरते कोवळी शेंग. पेरणीनंतर पन्नास-साठ दिवसांत तोडायची, वाळवणं नाही, डागाची भीती कमी, ते शेवटचे तीन आठवडे अंगावर घ्यायचेच नाहीत. अमेरिकेत विस्कॉन्सिनसारखं पुरेसा पाऊस असलेलं राज्य डबाबंद आणि गोठवलेल्या कोवळ्या शेंगांत आघाडीवर आहे, ते उगाच नाही. दमट जागी लहान शेतकऱ्याला मी डोळे झाकून नाही, पण बऱ्याच विश्वासाने हाच मार्ग सांगतो. त्याची स्वतःची खोच आहे. दर दोन-चार दिवसांनी तोडा, तोही पान सुकल्यावरच. शेंग पाच ते साडेसात अंशांत ठेवली तर आठ-बारा दिवस टिकते, त्याहून गार केली तर डाग पडतात, आणि ओल्या शेंगा ढिगात ठेवल्या तर रात्रीत तापून चिकट होतात. गाडी आणि गारवा यांची सोय नसेल तर हे पीक लावूच नये.

आता आकडे. समजा एकरी खर्च ६० आहे. कुठलंही चलन धरा. चांगल्या वर्षी १०० मिळतात, काढणीत पाऊस सापडला तर डागी मालाचे २०. चार वर्षांत एकदा पाऊस सापडला तर सरासरी उत्पन्न ८०, म्हणजे वर्षाला २० उरले. दोन वर्षांत एकदा सापडला तर सरासरी ६०, म्हणजे नुसती मेहनत. आणि सरासरी ८० असतानाही पहिलंच वर्ष वाईट निघालं तर दुसऱ्या वर्षी पेरायला ४० कमी पडतात; सरासरी कर्ज देत नाही. त्यामुळे बेत घेऊन येणाऱ्याकडे मी वार्षिक पावसाचा आकडा मागत नाही. काढणीच्या त्या तीन आठवड्यांची गेल्या वीस वर्षांची रोजची नोंद मागतो, आणि त्यात सलग पाच कोरडे दिवस किती वर्षी आले ते मोजायला सांगतो. वीसपैकी पंधरा वर्षी आले तर बोलण्यासारखं आहे. दहा वर्षी आले तर सुक्या दाण्याचा नाद सोडावा किंवा यंत्राचा खर्च आधी धरावा. हवामान बदलत असताना जुन्या नोंदीचा भरवसा किती, ही शंका बरोबर आहे. म्हणून पंधरा आले तर मी मनात बारा धरतो.

आणखी एक पळवाट मी नेहमी सुचवतो. कोवळी शेंग आणि वाळलेला दाणा यांच्या मध्ये एक टप्पा आहे: शेंग पिवळी पडू लागलेली, आत दाणा भरलेला पण मऊ. हा ओला दाणा सोलून ताजा किंवा गोठवून विकता येतो, लवकर शिजतो आणि त्याला वाळवावं लागत नाही. हा टप्पा आठवडाभरच टिकतो. पण पुढचे सात दिवस पाऊस सांगितलेला आहे आणि शेंगा पिवळ्या झाल्या आहेत, अशा वेळी अर्धं शेत या दाराने बाहेर काढता आलं तर वर्ष वाचतं. त्यासाठी दाणा मोठा, सोलायला सोपा असा वाण लागतो, सोलणारे हात लागतात आणि घेणारा लागतो. त्या घेणाऱ्याशी बोलणी पेरणीच्या आधी झालेली हवीत. झड लागल्यावर फोन केला तर तो उचलेल, पण भाव तो सांगेल.